खराबी मटणात नव्हती

तीर्थस्वरूप छबूमावशीस,

चार गल्ल्या पलीकडून ज्योतीरामचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघे कसे आहेत? मोतीबिंदूचं ऑपरेशन कधी ठरलं? तू माझा फोन ब्लॉक केलास (बरोबरच केलंस), म्हणून दहावीनंतर पहिल्यांदाच एवढं हातानं लिहितोय. वाचून दाखवणार तुझी सून, हेही ठाऊक आहे. (वर्षालीवहिनी, कंसातलं वाचू नका. मधेच हसूही नका.)

मावशी, खराबी तुझ्या मटणात नव्हती, माझ्यात होती. तुझ्या खानावळीत दुपारी एकला मटण खाल्लं की सहाच्या सुमारास, सेकंड शिफ्टला मशीनवर, माझ्या अंगावर वाटीएवढ्या गांधी उठायच्या आणि ओठ सुजायचे. चारदा झालं. मी मागचापुढचा विचार न करता सुजलेल्या तोंडाचा फोटो कंपनीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, मावशीचं मटण, जपून. चौदा पोरांनी तुझा डबा बंद केला. त्याच पातेल्यातलं खाऊन बाकीचे ठणठणीत आहेत असं तू म्हणालीस, तर मी म्हटलं, त्यांची पोटं लोखंडाची. काका गेल्यापासून तू मटण तोंडाला लावलं नव्हतंस. तरी त्या दिवशी सगळ्यांदेखत वाटीभर रस्सा प्यायलीस. आणि मी काय बोललो? रश्शात नाही, फोडीत आहे. (वहिनी, हे मात्र वाचाच.)

मग गेल्या महिन्यात चाकणला कंपनीतल्या टाकीमागं गांधीलमाशी चावली. एकच. पाच मिनिटांत डोळे मिटले, श्वास अडकला, लोकांनी उचलून दवाखान्यात नेलं. तिथल्या मृदुला मॅडमनी वाचवलं. रक्त तपासलं आणि विचारलं, याआधी असं कधी उठलं होतं का? मी तोंड वर करून तुझी तक्रार सांगितली. बाईंनी सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, जेवल्यावर किती वेळानं उठायचं? म्हटलं, पाच तासांनी. मग म्हणाल्या, गोचीड चावलीय का कधी?

इथं पंचाईत झाली. रुपाली शेजारीच उभी. बायकोला मी सांगायचो ओव्हरटाइम आहे, आणि असायचो भैरूच्या म्हशींच्या गोठ्यात, कडब्यावर आडवा. गोचिडी डझनानं चावल्यात. कबूल करावंच लागलं. रुपाली घरी येईपर्यंत थांबली. घरी आल्यावर बोलली, आणि बरंच बोलली.

मॅडमनी सांगितलं ते असं. गोचीड चावल्यानं क्वचित एखाद्याच्या अंगाला बकऱ्यामेंढ्याच्या मटणातल्या एका साखरेचं वावडं होतं. ते काही तासांनी उठतं, म्हणून पटकन लक्षात येत नाही. कोंबडी, मासे चालतात. आणि असं वावडं असलेल्यांच्या रक्तात गांधीलमाशी, मधमाशीच्या विषाचंही वावडं बऱ्याचदा सापडतं. एकामुळंच दुसरं होतं असं नाही, पण एक दिसलं की दुसऱ्याची चौकशी करावी. म्हणजे ती माशी चावली नसती, तर मी जन्मभर तुलाच बदनाम करत बसलो असतो. मेल्याहून मेल्यासारखं झालंय, मावशी. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. पोरांना सगळं खरं सांगून टाकलंय, तेवढं तरी केलंय.

नालायक, पण तुझ्याच बहिणीचा,
ज्योतीराम

ता. क. : मॅडम म्हणाल्या, मटणाचा चमचा दुसऱ्या भाजीत घालणाऱ्याच्या हातचं खाऊ नको, जिवावर बेतेल. कँटीनचा भरवसा नाही, आणि रुपालीनं माझं मला रांधून घ्यायला सांगितलंय. चमचे वेगळे ठेवणारी एकच बाई मला माहीत आहे. सोमवारपासून पिठलंभाकरीचा डबा सुरू करशील का?

ता. क. दुसरा : पोरांना सांगितलंय असं वर लिहिलं, ते खोटं होतं. लिहिल्यावर माझी मलाच लाज वाटली, म्हणून आज कँटीनमध्ये उभं राहून सांगितलं. गोठ्याचं ऐकून सगळे खूप हसले. चौदातले तेरा गुरुवारी तुझ्याकडं जेवायला येतो म्हणालेत. चौदावा गणराज. तो नोकरी सोडून गावाकडं गेलाय, नंबर बंद आहे. तो तिकडं अजून तुझ्याबद्दल तेच सांगत असणार, आणि ते त्याला मी शिकवलंय.