पाहुण्याने सोडलेले अकरा पॉइंट

बाबा, त्या संध्याकाळचे तुमचे अकरा पॉइंट तुम्ही मिळवलेले नव्हते, ते तुम्हाला दिले गेले होते, हे मला परवाच्या रविवारी कळलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा संशय काही जात नाही, आणि आता तर त्याला नवीन खाद्य मिळालंय. हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? कळलं असेल, तर घरी येऊन तुम्ही आम्हाला काही बोलला का नाहीत? आणि बोलायचं नव्हतं, तर मग पुढच्याच आठवड्यात माझं खेळणं का थांबवलंत?

इंद्रलोक वस्तीतल्या आपल्या सोसायटीत, दोन विंगांच्या मधल्या जागेत तुम्ही चुन्याने आखलेलं ते कोर्ट मला आजही डोळे मिटून चालता येईल. मिठागरांकडून वारा यायचा आणि वर उडवलेलं शटल थेट कोणाच्या तरी बाल्कनीत जायचं. म्हणून आपल्याकडे सगळे खालून, सपाट मारायचे. झारा धरावा तशी रॅकेट धरायची आणि नेटच्या जरा वरून सटासट हाणायचं, हीच तुमची शिकवण. रोज प्लास्टिकचं फूल, रविवारी पिसांचं शटल. शनिवारी तुम्ही आईचं मोदकपात्र गॅसवर चढवून शटलांना वाफ द्यायचात, म्हणजे पिसं लवकर तुटत नाहीत. आई वैतागायची. "बदकाची पिसं शिजवा त्याच्यात, आणि संकष्टीला मी त्यातच मोदक करते." तुम्ही हसून एकेक शटल उलटं करून ओट्यावर मांडायचात. स्टीलच्या कारखान्यात दिवसभर भांड्यांच्या पॉलिशवर नजर ठेवून आलेला माणूस पिसांना इतक्या हळुवारपणे हात लावायचा. आणखी एक रीत होती आपल्या क्लबात. वयाने मोठा माणूस आऊट म्हणाला की आऊट, वाद घालायचा नाही. तुम्ही तिथे सगळ्यांत मोठे. तुमचे किती आऊट खरे होते, याचाही मला तेव्हापासून संशय आहे, पण ते असो.

डी विंगमधल्या गुजराती काकांचा भाचा आला तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. तो देशाच्या बॅडमिंटन कॅम्पमध्ये होता, त्याचा फोटो म्हणे पेपरात आला होता. काकांनी त्याला खाली आणलं आणि म्हणाले, "हमारे चॅम्पियन के साथ एक गेम हो जाये." बाल्कन्या भरल्या. तुम्ही कामावरची पँट बदलून आलात. तेव्हा पंधराचा गेम असायचा आणि पॉइंट फक्त आपल्या सर्व्हिसला मिळायचा, त्यामुळे तो बराच वेळ चालला. तुम्ही पंधरा-अकराने हरलात, आणि जिंकल्यासारख्या टाळ्या पडल्या. काका ओरडून सांगत होते, "भाईसाब, आप तो नॅशनल खेल सकते थे." तो भाचा नेटजवळ आला, त्याने तुमचा हात हातात घेतला आणि कानाशी काहीतरी बोलला. तुम्ही मान हलवलीत. घरी आल्यावर कोणीतरी दिलेला पेढा हातात धरून तुम्ही स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून राहिलात. आईने विचारलं, "दमलात का?" तुम्ही म्हणालात, "नाही गं. गरम होतंय."

पुढच्या आठवड्यात शाळेच्या खेळाच्या सरांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की मुलीच्या हातात खेळ आहे, तिला ठाण्याला रोज सकाळी कोचिंगला पाठवा. तुम्ही सरांना विचार करतो म्हणालात आणि मला घरी येऊन सांगितलंत, "तुझं खेळणं क्लबापुरतं छान आहे. तेवढंच ठेव." एवढंच. मी रडले, जेवले नाही, आईने मध्यस्थी केली, तुम्ही ढिम्म. तेव्हापासून मी कारणं शोधतेय. आधी वाटलं, मुलगी म्हणून. मग वाटलं, दादाच्या क्लासच्या फीमुळे. मग आठवलं की त्याच्या थोडंच आधी पाडव्याच्या मॅचमध्ये मी तुम्हाला हरवलं होतं, आणि तुमचा चेहरा पडला होता. मोठं झाल्यावर हेच कारण मला सगळ्यांत पटलं. सासरीसुद्धा मी हे सांगत आले, की माझ्या वडिलांना माझं पुढे जाणं सोसलं नाही. तुम्ही समोर नव्हतात, त्यामुळे खोडून काढायला कोणी नव्हतं.

आता तुमची नात मीरा रोडच्या एका हॉलमध्ये शिकते. आत वारा नाही, खाली मॅट, भिंतीला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि त्यांच्यावर आम्ही आया. तिची कोच एकेकाळी देशाकडून खेळलेली बाई आहे. परवा रविवारी तिने पालकांनाही खेळायला उतरवलं, आणि माझी पाळी तिच्याशीच आली. मी सतरा पॉइंट काढले, बाबा. एकवीसला सतरा. मुलीने शिट्टी वाजवली. मला इतका आनंद झाला की सांगू नये, आणि मग पाणी पिताना माझा नेहमीचा स्वभाव जागा झाला. मी फार पळाले नव्हते. प्रत्येक वेळी शटल माझी रॅकेट होती तिथेच येत होतं.

मी म्हटलं, "मॅडम, एकदा खरं खेळा ना."

"नक्की?" ती म्हणाली. "नंतर राग नाही ना धरणार?"

मग ती खेळली. मला वाटलं होतं ती जोरात मारेल. तिने जोरात असं काही मारलंच नाही. तिचा हात स्मॅशचा दिसायचा आणि शटल नेटला चिकटून अलगद खाली पडायचं. मी पुढे धावले की ते माझ्या डोक्यावरून शेवटच्या रेषेवर जायचं. ती मात्र दोन पावलांत परत मधोमध उभी. मला तीन पॉइंट मिळाले, तेही तिच्या चुकीने, आणि मला वाटतं त्यातली एक चूक दयेची होती. मला लाज वाटली, मग राग आला. ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सॉरी ताई. पॉइंट द्यावेच लागतात. नाहीतर समोरचा माणूस परत रॅकेट हातात घेत नाही. आणि ज्याला थोडंफार येतं ना, त्याला ते बरोब्बर कळतं."

ज्याला थोडंफार येतं त्याला कळतं. तुम्हाला तर बरंच येत होतं. म्हणजे त्या स्टुलावर तुम्ही हे धरून बसला होतात. बाल्कन्या टाळ्या वाजवत होत्या तेव्हा एकट्या तुम्हाला दिसत होतं की तो मुलगा तुम्हाला खेळवतोय, आणि आपल्या क्लबातला सगळ्यांत चांगला खेळ त्याच्या दारातसुद्धा पोचत नाही. मला तुमची फार कीव आली. पण लगेच दुसरा संशय आला. ते अंतर तुमचं होतं, बाबा. पंचेचाळिशीच्या, वाऱ्यात खेळलेल्या माणसाचं. ते तुम्ही माझ्या अंगावर का मोजलंत? मी तर पंधरा वर्षांची होते. की तुम्ही माझा खेळही त्याच डोळ्यांनी नीट पाहिलात आणि मग बोललात?

कोचने माझी पकड बघून विचारलं, "हे कोणी शिकवलं? बाहेर, वाऱ्यात खेळायचात का तुम्ही?" मी तिला सगळं सांगितलं. तुमचं नाव खराब होईल असंच सांगितलं, सवयच आहे. ती मग म्हणाली, "पंधरा म्हणजे उशीर झालेला असतो, पण अशक्य नसतं. असं ऐकून नाही सांगता येणार, वडील बरोबर होते का ते. तेव्हाचं काही शूटिंग वगैरे आहे का? अर्धा गेम जरी असला तरी मला कळेल."

पाडव्याच्या त्या मॅचचं शूटिंग आहे. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाने सोसायटीच्या कार्यक्रमासोबत तीही घेतली होती, आणि दादाने ते सगळं कॅसेटवरून पेनड्राइव्हवर उतरवून मला दिलंय. माझ्या कपाटात आहे.

मी तिला म्हटलं, "नाही हो. तेव्हा कुठे असायचं असलं काही."