वैऱ्याच्या जागी वहिनी

ती. आण्णांस,

सोलापूरहून धाकट्या मार्थाचा नमस्कार आणि जय येशू. तुमचा गुडघा कसा आहे? पुण्याहून इकडची गाडी पकडवत नाही इतका दुखतो असं तुम्ही म्हणालात, तेव्हापासून मी रोज त्याच्यासाठी प्रार्थना करते (गुडघ्यासाठी, तुमच्यासाठी फादर करतात). इकडं ऊन लई, नळाला पाणी येईल तेव्हा येतं, आणि माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसरा अजून तसाच आहे. पुढचा सगळा घोळ त्या दुसऱ्या डोळ्याचा.

रविवारच्या मिस्सेत मराठी वाचन रामहरी सर करतात. त्यांचा घसा बसला, म्हणून फादरांनी मला उभं केलं. बालवाडीत जन्मभर मोठ्यानं वाचलेली बाई मी, मला कसली भीती? वाचन होतं वैऱ्यालाही उपाशी ठेवू नये अशा अर्थाचं. झेरॉक्स पुसट. मी खणखणीत आवाजात ‘वैऱ्याला’च्या जागी ‘वहिनीला’ वाचलं. (चूक मला कळलीच नाही हो. तो शब्द पुढं परत आला, परत वहिनी!) पहिल्या बाकावरच्या सुंदरम्मानं, जिला मराठी अर्धीच कळते, जोरात ‘आमेन’ म्हटलं आणि मग जो हशा पिकला! कारण आपल्या घरची गत सगळ्यांना ठाऊक. तुम्ही बायकोला टाकून पुण्याला गेलात, तेव्हापासून वहिनी म्हणते माझ्या जिभेपायी गेलात, मी म्हणते तिच्या स्वयंपाकापायी. एका छपराखाली राहून आमचं बोलणं बंद. चहा झाला की मी भिंतीला सांगायची, ‘कुणाला पाहिजे तर ओट्यावर हाय.’ मिस्सा संपल्यावर वाटलं फादर रागावतील. ते म्हणाले, ‘मार्थाबाई, वाचलंत तसं करा.’ घ्या, झाली का पंचाईत!

तुम्हांला ठाऊक नसेल (विचारलं तर कळतं) म्हणून लिहिते, वहिनीच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिस सोसेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले घरी न्या. त्या रविवारी मी चर्चमधून घरी पोचायच्या आत सुंदरम्मानं बातमी पोचवली होती. वहिनी खाटेवर तोंडाला पदर लावून हसत होती. म्हणाली, ‘वाच की परत.’ इतक्या वर्षांत थेट माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य, आणि तोही हुकूम.

तेव्हापासून रोज संध्याकाळी तेच वाचते. तिला चूकच हवी असते, नीट वाचलं तर तोंड फिरवते. प्रेम करायचं असं मी रोज सकाळी ठरवते आण्णा, आणि पेज शिजेपर्यंत ते मोडतं. पेज दिली तर म्हणते अळणी. डॉक्टरांनी मीठ बंद केलंय, त्याला मी काय करू? एकदा वाटी आपटून अंगणात गेले, पवित्र मारियेला चार गोष्टी सुनावल्या, आणि आत येऊन तीच पेज भरवली. केस धुतले तर साबण डोळ्यांत गेला, तिनं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला (त्या तुमच्याही आहेत). मग शेंगाची चटणी मागितली. बोटभर दिली. चाखली आणि रडायला लागली. मीही रडले, आणि तिखट झालीय म्हणून सांगितलं. आता सूज पोटापर्यंत चढलीय, पेजही उतरत नाही. उपाशी ठेवू नये असं मी वाचते आणि ऐकणारी उपाशीच असते. मला हे बघवत नाही हो.

काल फादर तिच्या कपाळाला शेवटचं तेल लावून गेले, मरणाआधीचं. बाकी सगळं ठीक. गुडघ्याला एरंडेल चोळा.

तुमची,
मार्था

ता. क. वहिनीनं तुम्हांला काही कळवायचं नाही असं बजावलंय. तेव्हा हे पत्र आलंच नाही असं समजा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात तिनं हाक मारली. वाचायला बसले तर म्हणाली, ‘वहिनीचं झालं आता. खरं काय लिवलंय ते वाच.’ मी वाचलं, वैऱ्याला. तिनं माझ्या हातातला कागद मिटला. मग म्हणाली, ‘त्यास्नी बोलीव.’

गुडघ्यासकट या.