इन्व्हर्टेड कॉमातलं वाक्य

बाई, तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली, तरी कुणाचं बोलणं इंग्रजीत टाइप करायला घेतलं की तुम्ही मागे येऊन उभ्या राहता. आठवीत मी वडिलांवर इंग्रजीत निबंध लिहिला होता. सारसोळ्याच्या घरात जाळं शिवता शिवता ते मला म्हणतात की शिक्षण हाच माणसाचा खरा दिवा, असं त्यात होतं. आधी स्वल्पविराम, पहिलं अक्षर कॅपिटल, पूर्णविराम आत, सगळं बरोबर. तुम्ही विचारलंत, "खरंच असं म्हणाले ते?"

"नाही बाई. ते फक्त 'सुई दे' म्हणाले."

"मग 'सुई दे' लिही. इन्व्हर्टेड कॉमात शब्द न् शब्द त्या माणसाचाच हवा." वर्ग हसला. मला तुमचा फार राग आला होता.

त्याच इंग्रजीवर पुढे मला तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली. अपघात झाला की जबाब मी लिहिते. तीन वर्षांपूर्वी नावड्यात खोली घेऊन राहणाऱ्या, साताऱ्याकडच्या एका ऑपरेटरचा उजवा हात प्रेस मशीनमध्ये गेला; हात अडवणारा गार्ड जागेवर नव्हता. दवाखान्यात मी त्याच्या खाटेशी बसले आहे, मांडीवर वही. तो म्हणतो, "मॅडम, मशीनचा गार्ड मीच काढला, पन सुपरवायझरनं सांगिटलं म्हनून." ऑफिसात मॅनेजरनी वही वाचली. "पुढचं कशाला टाकता? काढला ना त्याने? तेवढंच कोट करा." मी तेवढंच केलं. गार्ड मीच काढला. पूर्णविराम आत. एकही शब्द माझा नव्हता, बाई. चौकशीत त्या वाक्यावर त्याला कामावरून काढलं आणि तो खोली सोडून गावी गेला. आता कुठलाही जबाब टाइप करताना उरलेलं अर्धं वाक्य त्याच्याच आवाजात ऐकू येतं, भर दुपारी, शेजारी सगळे काम करत असताना. मी मान वळवते. तिथे कुणी नसतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण एक गोष्ट तुम्हाला कळू नये असं अजून वाटतं. टाइप केलेला जबाब घेऊन मी सहीसाठी परत दवाखान्यात गेले होते. त्याला इंग्रजी येत नव्हतं. "काय लिवलंय, जरा वाचून दावा की," तो म्हणाला. मी मराठीत वाचून दाखवलं, त्याचं पूर्ण वाक्य, सुपरवायझरसकट. "अगदी बराबर," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने, सावकाश, त्याने सही केली.