माझ्या भाराचा गूळ

माय, आधी वाईट बातमी सांगते, म्हणजे रागवायला तुला सावकाश वेळ मिळेल. मी नागपूरला जाऊन पोट कापून घेतलं. गाठ नव्हती, व्रण नव्हता, काही नव्हतं. चांगलं धडधाकट पोट डॉक्टरांनी दुर्बिणीतून कापलं आणि केळ्याएवढी एक पिशवी तेवढी आत ठेवली, कारण मी फार जाड झाले होते. तू कपाळावर हात मारून घेतलास ते मला इथून दिसतंय. जे पोट भरावं म्हणून तू जिवाचं रान केलंस, तेच पोट मी आपल्या पायानं चालत जाऊन काढून टाकलं. पण माय, गुडघे बसले होते. साखरेनं उजवा डोळा अधू केला होता, आणि असंच खात राहिलात तर डावाही जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सारा जन्म शाळेत पोरांना वाचायला शिकवण्यात गेला. म्हातारपणी स्वतः आंधळं होऊन बसायची माझी तयारी नव्हती.

कापण्याचं काही वाटलं नाही, भूल दिली होती. त्रास सुरू झाला तो गडचिरोलीला घरी आल्यावर, ताटासमोर. त्या दवाखान्यात खाणं शिकवायला एक मुलगी आहे. माझ्या हाताखालून गेलेल्या कितीतरी पोरी आज तिच्याहून मोठ्या असतील, पण तिच्यासमोर मीच पहिलीत. आधी पातळ, मग मऊ, मग घन. घास चावून चावून त्याचं पाणी करायचं. जेवताना पाणी प्यायचं नाही. आणि पोट भरलं असं वाटण्याच्या जरा आधीच थांबायचं. मी सगळं पाळत होते, तरी जेवल्यावर छातीत घास अडकल्यासारखं व्हायचं, तोंडाला पाणी सुटायचं आणि मोरीकडे धावावं लागायचं. पुढच्या खेपेला तिनं विचारलं, काय काय खाल्लं? मी सांगितलं, दोन चमचे वरण, अंड्याचा पांढरा भाग, बस. शेजारी बसलेली माझी सून हळूच म्हणाली, "अन् पेज, आई?" मी म्हटलं, "पेज का जेवण असते?" त्या मुलीला पेज ठाऊक नव्हती. तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायचे, मीठ घालायचं आणि लोट्यानं प्यायचं, असं मी तिला समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे भातच ना, काकू? आणि तोही लोटाभर, जेवणासोबत, गटागटा?" माय, मला हसू आलं आणि लाजही वाटली. आपल्याकडे पेज पिऊन उठलेला माणूस सकाळपासून पोटात काही नाही म्हणून सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. बांधावर धानाच्या रोवणीला आलेल्या बाया भेटल्या की तूही म्हणायचीस, "जेवली नाई व अजून, नुसती पेज पेली." इतकी वर्षं शिकवण्यात घालवली, पण ही समजूत माझ्या डोक्यातून निघाली नव्हती.

त्या दिवशी नागपूरहून परतताना बसमध्ये मला ती जत्रा आठवली. मी पाच-सहा वर्षांची असेन. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, आपला सगळा मुलूख चांद्याचा, म्हणजे आताच्या चंद्रपूरचा. त्या पावसाळ्यात हिवतापानं माझी नुसती काडी करून टाकली होती. माझ्या आधीची दोन लेकरं तू गमावली होतीस. पोरगी उभी राहिली तर तिच्या भाराचा गूळ वाटीन, असं तू नदीकाठच्या महादेवाला बोललीस आणि मी उभी राहिले. शिवरात्रीला आपण बंडीत बसून जत्रेला निघतो. बा पुढे बैल हाकतोय, मागे गुळाच्या भेल्या पोत्यात बांधलेल्या, आणि तू मला मांडीवर घेऊन उकडलेली रताळी भरवते आहेस. एक झालं की दुसरं. उपास आहे म्हणून मासोळी नाही, नाहीतर तीही कोंबली असतीस. बा मागे वळून बघतो.

"अव, पोट फुटन ना तिचं. अन् जेवढं खाईन तेवढा गूळ जास्त लागन."

"लागू द्या. देवानं पोरगी पुरी वापस देल्ली, अर्धी नाई देल्ली. तोलाच्या वक्ताले त्याले कमी द्याचं का?"

बा बैलांवर ओरडला. झाडाच्या फांदीला धानाचा मोठा तराजू टांगलेला. एका पारड्यात मी, पाय पोटाशी घेऊन, दोरी घट्ट धरून. दुसऱ्यात एकेक भेली चढते आहे. पारडं हललं, मी वर उचलले गेले, तरी तू म्हणतेस, "अजून एक ठेवा." गर्दीतली कुणी बाई बोलली, पोरीसाठी एवढा गूळ? तू तिच्याकडे वळूनही पाहिलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "पोरीले जीव नसते का व बाई?" मग माझ्या कानशिलावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडलीस. मी खाली उतरले आणि बंडीमागे जाऊन सगळी रताळी ओकले. बा घाबरला. तू माझी पाठ चोळत होतीस आणि तुझा चेहरा असा खुशीत, असा निवांत, की तसा तो मी पुन्हा फार वेळा पाहिला नाही. "निंगू दे, निंगू दे," म्हणालीस, "आता तोलून झालं."

त्यानंतर माझं वजन हे देवाला दाखवलेलं वजन झालं, ते कमी होऊन कसं चालेल? तुझ्या चुलीपुढे मी जेवायला बसले की तू समोर बसायचीस, फुंकणी मांडीवर ठेवून. पानावर आधी भाताचा ढीग, त्यावर तळ्यातल्या मासोळीचा रस्सा, आणि मासोळी सगळ्यात खाली दडवलेली, म्हणजे तिच्या आशेनं पोरगी भात संपवते. मी उठायला लागले की मनगट धरायचीस. "तेवढं काऊन टाकून राह्यली व? उचल." शेजारच्या बाया माझा दंड चिमटीत धरून म्हणायच्या, अंग भरलं पोरीचं, आणि तुझी मान ताठ व्हायची. मला ते फार आवडायचं, माय. तुझ्या तोंडावरची ती खुशी मी माझ्या जिभेनं कमवत होते. तू गेलीस तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. मागे मला आग्रह करणारं कुणी उरलं नाही, तर तुझ्या वाटचा आग्रहही मीच स्वतःला करत राहिले. शाळेतून आले की भात, पेपर तपासले की भात, जीव लागेना म्हणून भात.

आता मी चहाच्या बशीत जेवते. आधी मासोळी, काटे काढून, मग भाजी, आणि जागा उरलीच तर चमचाभर भात. तुझ्या पानावरचा ढीग अगदी उलटा केला म्हण ना. तेही जमलं. जमत नव्हतं ते ताटात टाकून उठणं. कमीच वाढून घ्या, असं ती मुलगी म्हणाली. घेतलं. पण या नव्या पोटाचं रोज एक नसतं. कालचे चार घास आज दोनच होतात आणि ताटात उरतंच. उरलं की तू यायचीस. मनगटावर हात, आणि तेच, "उचल व." मी उचलायचे. मग दोन दोन तास पोट धरून, घाम पुसत बसायचे. असंच चाललं तर पिशवी ताणली जाईल, साखर पुन्हा चढेल, कापाकापी फुकट जाईल, हे त्या मुलीनं मला दटावून सांगितलं होतं. डोळ्याचं भय होतं, तरी तुझा हात झिडकारवत नव्हता. एकदा तर मी भरल्या घरात, सुनेसमोर, रिकाम्या पाटाकडे बघून ओरडले, "पुरे झालं ना माय, मारतं का आता मले?" सून घाबरून बघत राहिली. मला तुझा राग आला होता, खरा राग, आणि राग आला म्हणून रात्री रडूही आलं. जिनं मला जगवलं तिच्यावरच ओरडायची वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी एक घास टाकून उठले. तू बोललीसच, पण मी बसले नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज थोडं थोडं भांडत, तुझं ऐकून न ऐकल्यासारखं करत, बरेच महिने गेले.

हे मी तुला पाठवणार कुठे? तुला अक्षरओळख नव्हती. कुणाचं चार ओळींचं कार्ड आलं तरी तू माझ्याकडून दोनदा वाचून घ्यायचीस. लिहायला बसले त्याचं कारण आज दुपारचं आहे. आज मासोळी चांगली झाली होती. जेवले, पोट भरलं, ताटात दोन घास भात तसाच ठेवला, हात धुतले, अंगणात जाऊन तुळशीला पाणी घातलं, पुस्तक घेतलं आणि वाचता वाचता झोपले. दिवेलागणीला सुनेनं विचारलं, आज त्रास झाला नाही ना आई, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. दवाखान्यातली ती मुलगी हे ऐकून टाळ्या वाजवेल. तिला मी उद्या सांगेनही. तुला मात्र आजच सांगायला हवं, माय. दुपारी मी ताटात भात टाकून उठले, आणि मला तुझी आठवणच आली नाही.