मावशीच्या फॉर्मखाली माझी सही

ती. मावशीस,

लांबूनच साष्टांग नमस्कार. (जवळ येऊन केला असता, पण प्लास्टर फक्त उजव्या हाताला आहे, डावा मोकळा आहे, असं काकांनी कळवलंय.) मनगट ठणकतंय का अजून? झोप लागते का? फोन तू उचलत नाहीस आणि दारात आलो की झोपेचं सोंग घेतेस, म्हणून शाळा सुटल्यानंतर पहिल्यांदाच पत्र लिहायला बसलोय. अक्षराला हसू नकोस.

तुझा राग मनगटासाठी नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. राग आहे तो आकड्याचा. पण जरा माझी बाजूही ऐक. (बाजू फारशी नाहीच, तरी ऐक.) मी शिकवतो त्या जिममध्ये नाव घातलंस तेव्हा वयाच्या रकान्यात तू ठसठशीत अठ्ठेचाळीस लिहिलंस. औषधांपुढे 'काही नाही'. आता तुझ्या साठाव्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या मीच लावल्या होत्या (तू सहाच लावू दिल्यास), आणि दर महिन्याला तुझ्या बीपीच्या गोळ्या दुकानातून मीच आणतो. तरी 'माहिती तपासली' असं छापलंय त्याखाली मी निमूट सही ठोकली. अनोळखी बाई असती तर खोदून खोदून विचारलं असतं, डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय चटईवर पाय ठेवू दिला नसता. पण समोर तू बसली होतीस, भुवई वर करून. जिनं मला नाक शिंकरायला शिकवलं तिला वय कसं विचारायचं?

मग काय, अठ्ठेचाळिशीच्या हिशेबानं तुला व्यायाम दिला. जमिनीवर हात टेका, पाय मागे फेका, झटकन उठा, उडी मारा. असं पंधरा वेळा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला झटकन उठवलं तर घेरी येऊ शकते, हे मी परीक्षेत लिहून आलोय आणि त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क आहेत. बाराव्या खेपेला तू उठलीस, आरशात स्वतःकडे बघून हसलीस आणि धाडकन कोसळलीस. मी तेव्हा पाठ फिरवून गाण्याचा आवाज वाढवत होतो. वळून बघतो तर तू आडवी.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर धावत आले. त्यांनी वय विचारलं. तुझे डोळे मिटलेले, ओठ पांढरे, जीभ जड, पण उत्तर चोख. अठ्ठेचाळीस. गोळ्या? कसल्याच नाहीत. ते सुई भरायला लागले तसा मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, की एकसष्ट, आणि बीपीची गोळी रोज सकाळी! नेमकं तेव्हाच कुणीतरी गाणं बंद केलं होतं. वर्गातल्या सहाही बायकांनी माना वळवल्या. त्यात ती निळ्या टॉवेलवालीही होती, जिला तू इतके दिवस 'ताई, ताई' करत होतीस. ती छप्पन्नची आहे. (हे मी तुला सांगायला नको होतं. मेंबरची माहिती बाहेर फोडायची नसते. माझं कठीणच आहे.)

ओरडल्याचा मला पश्चात्ताप नाही. पहिल्या दिवशी गप्प बसलो, त्याचा आहे. टेबलापलीकडून हळूच 'मावशी, खरं लिही' म्हणालो असतो तर तू चार दिवस रुसली असतीस, पण हात धड राहिला असता. भाचा म्हणून मी लाजलो आणि ट्रेनर म्हणून सही केली. दोघांनी मिळून तुला पाडलं. फार वाईट वाटतंय.

तुझा
(लाडका असं लिहून खोडलंय) भाचा

ता. क. गुरुवारी जिमच्या मालकीणबाईंसमोर माझी चौकशी आहे. काका म्हणाले, पोराला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं असं सांगायला तू प्लास्टरसकट येणार आहेस. पाया पडतो, येऊ नकोस. मला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या, असं मी कालच लिहून दिलंय. बहुतेक दोन महिने शिकवायला बंदी येईल आणि नवशिक्या ट्रेनरांच्या वर्गात पुन्हा पहिल्या बाकावर बसावं लागेल. बसेन.

आणखी एक. त्या चौकशीसाठी तुझा फॉर्म बाहेर काढला आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. अगदी तळाशी विचारलंय, काही बरंवाईट झालं तर कुणाला बोलवायचं. तिथे तू काकांचं नाव घातलंच नाहीस. 'माझा भाचा. तो धावत येईल', असं लिहिलंस. अगं मावशी, भाचा तर तिथेच उभा होता.