कण्हेरीचे पाच पुंकेसर

८ मार्च १९९९, वारूळवाडी
पुढच्या सोमवारी कॉलेजात इंटरव्ह्यू. वनस्पतिशास्त्राचा लेक्चरर. शिकवून दाखवायचा विषय: फुलातल्या पुंकेसरांची मांडणी. जागा आपलीच! रोज पहाटे पाचला उठून एक फूल.

९ मार्च
आठला उठलो. जास्वंद. सगळ्या पुंकेसरांची मिळून एक नळी. एकसंघ. बायकोला समजावलं. आरती धार काढत होती; म्हणाली, बादली तेवढी धरा. बेल्ह्याच्या बाजारातून तिनं पाटल्या मोडून ही गाय आणली. घर गाईच्या दुधावर चालतं, हे रोज ऐकवते.

१० मार्च
हादगा. नऊ पुंकेसर जोडलेले, दहावा सुटा. द्विसंघ. आरती म्हणाली, दहावा म्हंजे तुमी. दुर्लक्ष केलं.

११ मार्च
कण्हेर! पाच पुंकेसर, पाकळ्यांना चिकटलेले. दललग्न. प्रत्येकाला केसाळ शेपूट. नमुन्यांसाठी अख्खं झुडूप छाटलं. अंगणभर पाला. आरती लई बोलली.

१२ मार्च
संकल्प: घरकामात मदत. पाला गाईपुढे टाकला. हुंगून तोंड फिरवलं. जनावरालासुद्धा माझं पटत नाही. पाला पत्र्यावर वाळत घातला.

१३ मार्च, संध्याकाळ
कडक वाळला. चुरून कडब्याच्या कुट्टीत कालवला, वर पेंड. मुकाट्यानं खाल्लं! डोकं लागतं राव. आरतीला सांगितलं नाही. सरप्राइज.

१४ मार्च, सकाळ
गाय रवंथ करीना. तोंडाला लाळ. आरतीनं विचारलं, हिनं काय खाल्लं? म्हटलं, हवा बदललीय. शेजारचे गेणभाऊ म्हणाले, लक्षण बरं न्हाई. लोकांना घाबरवायची हौसच असते. शर्टाला इस्त्री केली.

दुपार
गाय बसली ती उठेना. पाय झाडते. गेणभाऊ डॉक्टर आणायला गेले. आरती तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलीय. माझी प्रॅक्टिस गोठ्याबाहेर.

संध्याकाळ
डॉक्टरांनी गव्हाणीतून पानाचा तुकडा उचलला. हे कशाचं? आठवडाभरात पहिल्यांदा कुणीतरी मला शास्त्रातलं विचारलं. खडाखडा सांगितलं. कण्हेर, पाच पुंकेसर, दललग्न. कसं वाळवलं, कसं कालवलं, तेही. एकही चूक नाही.
डॉक्टर म्हणाले, अहो, मुळापासून फुलापर्यंत जहर आहे ते.
आरतीनं उठून गव्हाण उपसायला घेतली. बोलली असती तर बरं झालं असतं. मला भीती वाटतेय.

१५ मार्च
गाय पहाटे गेली.
इंटरव्ह्यू अकराला होता. अकराला मी गेणभाऊंबरोबर खड्डा खणत होतो. आरतीनं सगळ्यांना चहा दिला. कोरा.
मला दिला नाही.