माझ्या छतावरचं ऊन

प्रिय विनोदभाऊजी,

एका भिंतीच्या अलीकडून पलीकडे पत्र पाठवते आहे, हसू येईल तुम्हाला. पण तोंडानं बोलायला गेले की माझा आवाज चढतो आणि गल्ली माझीच चूक धरते. लिहिताना हात शांत राहतो.

तुमचे दादा गेले त्या वर्षीचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ जाळणारे दिवस, आठवतात का? माझ्या रुचिकाला टायफॉइड झाला होता. तलावाखालच्या धानाच्या बांध्या तुम्हाला कसायला द्यायला मी नाही म्हटलं, आणि ऐन दुपारी आमचा कूलर बंद पडला. दोन्ही घरांचं मीटर एकच, मेन स्विच तुमच्या छपरीत. मी धावत आले, तर खाटेवर बसल्या बसल्या तुम्ही म्हणालात, "लाइन माही आहे, वहिनी. मले वाटन तं देईन, नाही तं नाही." पोरगी तापात बरळत होती. गल्लीतल्या मारोतरावांनी ऑटो काढून साकोलीच्या दवाखान्यात नेलं म्हणून ती वाचली. तुम्ही पाहायलासुद्धा आला नाहीत. दवाखान्याच्या त्या बाकावर मी ठरवलं, एक दिवस या माणसाला त्याच्याच अंगणातून मान वर करून माझं घर पाहायला लावीन.

पुढे वाटणी झाली, माझ्या नावाचं मीटर आलं. तिथं थांबता आलं असतं. मोठ्या मनाच्या बाया थांबतात. मी सोलर लावायला काढलं.

सोलरवाला सूरज छत मोजून गेला आणि आठवड्याच्या आत तुमच्या छतावर विटा चढल्या. दक्षिणेला, माझ्या भिंतीला चिकटून, टाकीसाठी एवढा उंच चौथरा! शेजारच्या कुंताबाईला म्हणालात ना, "आता लाव म्हना सोलर, सावली खात बसन"? तिनं लगेच येऊन मला सांगितलं. मी सूरजला फोन केला. तो म्हणाला, "टेन्शन नोका घेऊ काकू. लोखंडी ढाचा उंच करू अन् जरा मागं सरकवू, सावली खालूनच जाईन. आताच सांगून देऊ का त्याईले?" मी म्हटलं, "नोको बापा. पुरं होऊ दे त्याईचं."

मग रोज चहाचा कप घेऊन दारात बसले आणि तुमचं बांधकाम पाहिलं. स्लॅब पडला, टाकी चढली, तुम्ही नारळ फोडलात. दुसऱ्याच दिवशी सूरजची गाडी आली. जिना तुमच्या बाजूला, त्याला तुम्ही कुलूप लावलेलं. माणसांनी दोर बांधून सोलरच्या प्लेटा समोरून ओढल्या. अख्खी गल्ली जमली. ढाचा तुमच्या टाकीच्याही वर गेला तेव्हा कुणीतरी शिट्टी मारली, आणि तुम्ही घरात निघून गेलात. तुमची मोटर इतक्या उंच पाणी चढवत नाही, असंही ऐकते. किती वर्षांनी त्या दिवशी मी पोटभर जेवले.

आता भर दुपारी कूलर लावून आडवी होते. कधी कधी भिंतीपलीकडून तुमचा खोकला ऐकू येतो. वाटतं, आता राग विझेल. विझत नाही.

परवा वरठीचे सोयरे, रुचिकाचे होणारे सासरचे, बोलून गेले की तुम्ही त्यांना गाठून सांगितलंत, "काका म्हंजे बापच. कन्यादान मीच करीन." त्यासाठी नवं कोशाचं रेशमी धोतरही घेतलंत म्हणे. म्हणून हे पत्र. रुचिकाचं कन्यादान मी करणार आहे. एकटी. भटजींशी बोलणं झालं. काहींनी नाकं मुरडली, मुरडोत. तुम्ही अवश्य या. कोसा नेसूनच या. पहिल्या रांगेत तुमच्यासाठी खुर्ची राखली आहे, तिथून बोहलं स्वच्छ दिसतं. अक्षता टाका, पोटभर जेवा. बोहल्यावर मात्र पाय ठेवू नका. चार लोकांसमोर तुम्हाला खाली उतरवायला मला जराही लाज वाटणार नाही, उलट मी त्याची वाटच पाहते आहे.

तुमचीच,
दादांच्या मागं या घरात उरलेली वहिनी,
गोदावरी